पेट्रोलने भरलेलं जळतं जहाज घरी आणता येतं का? 'सॅन डेमेट्रिओ लंडन'बद्दल एका जहाजी इंजिनिअरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'सॅन डेमेट्रिओ लंडन' हा १९४३ सालचा ब्रिटिश चित्रपट. विमानाच्या पेट्रोलने भरलेला टँकर तोफगोळे लागून पेटतो, खलाशी होड्यांत उतरून निघून जातात. पुढे त्यांतल्या एका होडीला तेच जहाज समुद्रात पुन्हा सापडतं. ते वर चढतात, आग विझवतात, इंजिन चालू करतात आणि नकाशाशिवाय ब्रिटनला पोचतात. शेवटी कोर्ट त्यांना बक्षीसही देतं. यातलं खरं किती आणि युद्धकाळातला प्रचार किती? पेट्रोलला आग लागूनही जहाज उडालं कसं नाही? आपल्याच जहाजाला वाचवण्याचं बक्षीस कसलं? आणि शेवटचा प्रश्न घरातला: पणजोबा दापोलीकडचे, त्याच महायुद्धात बोटीवर होते, परत आले नाहीत, मग अशी माणसं या चित्रपटात एकही का दिसत नाहीत?

माझी नोकरी बहुतेक सगळी टँकरवर, इंजिन खात्यात गेली. त्यामुळे उत्तर इंजिनखान्यातून वर बघितल्यासारखं येईल, ते चालवून घ्या. चित्रपटाच्या कलेबद्दल बोलणारे जाणकार दुसरे आहेत.

आधी सरळ उत्तर: घटना खरी आहे, आणि मुख्य गोष्टींत चित्रपट तिच्याशी इमान राखतो. माणसांची नावंसुद्धा खरी ठेवली आहेत.

'सॅन डेमेट्रिओ' हा ईगल ऑइल कंपनीचा टँकर. १९३८ साली बांधलेला, सुमारे आठ हजार टनांचा, डिझेल इंजिनावर चालणारा. ऑक्टोबर १९४० च्या अखेरीस कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एचएक्स ८४ नावाचा काफिला ब्रिटनला निघाला, त्यात हा होता. पोटात सुमारे ११,२०० टन विमानाचं पेट्रोल. जवळपास चाळीस व्यापारी जहाजं आणि त्यांना राखण करायला एकच जहाज: 'जर्व्हिस बे'. तेसुद्धा मूळचं प्रवासी जहाज, वर जुन्या सहा इंची तोफा बसवलेल्या. ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी 'अॅडमिरल शीअर' ही जर्मन युद्धनौका समोर आली. तिच्या तोफा अकरा इंची. 'जर्व्हिस बे'चा कप्तान फेगन याने काफिल्याला पांगायला सांगितलं आणि स्वतःचं जहाज सरळ तिच्या अंगावर घातलं. निकाल काय लागणार हे त्याला आणि त्याच्या खलाशांना ठाऊक होतं. वीस-बावीस मिनिटं ती झुंज चालली. तेवढ्यात अंधार पडत आला आणि धुराच्या आडोशाने बहुतेक जहाजं निसटली. फेगनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर 'शीअर'ने काफिल्यातली पाच जहाजं गाठून बुडवली, आणि 'सॅन डेमेट्रिओ'वरही गोळे टाकले.

कप्तान वेटने जहाज सोडायचा हुकूम दिला. पेट्रोलच्या टँकरवर असा हुकूम द्यायला कोणी फार विचार करत नाही, आणि करूही नये. एका होडीतल्यांना काफिल्यातल्याच दुसऱ्या जहाजाने उचललं. दुसऱ्या होडीत सोळा जण होते: सेकंड ऑफिसर हॉकिन्स, चीफ इंजिनिअर पोलार्ड, थर्ड इंजिनिअर विली आणि बाकीचे. ती होडी नोव्हेंबरच्या उत्तर अटलांटिकमध्ये भरकटत राहिली. दुसऱ्या दिवशी एक जहाज दिसलं. जवळ गेल्यावर कळलं की ते आपलंच, आणि अजून जळतंय.

आता उडालं का नाही, या प्रश्नाकडे वळतो. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो समजला नाही तर पुढची सगळी गोष्ट चमत्कार वाटते.

पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आम्ही तिला नुसतं 'गॅस' म्हणतो. ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपाससुद्धा सुटते, म्हणजे अटलांटिकची थंडी तिला अडवत नाही. पण ती स्फोटक व्हायला हवेत तिचं प्रमाण ठरावीक लागतं, साधारण दीड ते साडेसात टक्के. त्यापेक्षा कमी असेल तर जळायला काही नाही, त्यापेक्षा जास्त असेल तर जाळायला पुरेसा प्राणवायू नाही. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर हातभर जागा सोडलेली असते, तापमानाने द्रव फुगतो म्हणून. त्या जागेत वाफ इतकी दाट असते की ठिणगी पडली तरी आत काही होत नाही. तोफगोळ्याच्या तुकड्याने डेकला भोक पडलं तर वाफ बाहेर येते आणि हवेला भेटते त्या जागी जळते. ज्योत भोकाच्या तोंडाशी राहते, आत शिरत नाही.

खरा काळ म्हणजे अर्धी किंवा रिकामी टाकी. गॅरेजमध्ये पेट्रोलचा रिकामा पिंप वेल्डिंगला घेतला आणि माणूस गेला, अशी बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. भरलेल्या पिंपाला कोणी वेल्डिंग करायला धजत नाही, आणि रिकामा 'निर्धोक' वाटतो, तिथेच घात होतो. टँकरवरही तेच. डिसेंबर १९६९ मध्ये काही आठवड्यांच्या आत 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'काँग हाकोन सातवा' या तीन प्रचंड टँकरवर स्फोट झाले. तिन्ही माल उतरवून परत चालले होते, टाक्या धुण्याचं काम चालू होतं. त्यानंतर मोठ्या टँकरवर टाकीत निष्क्रिय वायू भरायची सक्ती आली. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडायचा आणि आतला प्राणवायू आठ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. १९४० साली यातलं काही नव्हतं. 'सॅन डेमेट्रिओ' वाचला यामागे मोठं कारण हे की तो काठोकाठ भरलेला होता. माल उतरवून परतताना तेच गोळे लागले असते तर होडीत उतरायलाही कोणी उरलं नसतं.

इथे एक आडवाट घेतो. नवा कॅडेट टँकरवर आला की त्याच्या हातात गॅस मोजायचं यंत्र देऊन टाकीच्या तोंडाशी उभा करायची आमची पद्धत होती. जुन्या प्रकारच्या यंत्राची सुई आधी झपकन शेवटपर्यंत जायची आणि मग हळूहळू शून्यावर येऊन बसायची. पोरगा खूश: "सर, गॅस नाही." मग त्याला सांगायचं की बाबा, गॅस इतका आहे की यंत्रातल्या तारेवर जळायलासुद्धा हवा उरलेली नाही. सुई शून्यावर आली हे बघायचं नाही, ती येताना कुठून आली हे बघायचं. दाट वाफ काय असते, हे ज्याने त्या सुईत एकदा पाहिलं त्याला पुस्तकातले टक्के पाठ करावे लागत नाहीत.

मग जळत काय होतं? त्या काळच्या टँकरचा आकार डोळ्यांसमोर आणा. मधोमध ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची जागा, आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागे इंजिनखाना आणि खलाशांच्या खोल्या, दोन्हींच्या मध्ये आणि पुढे टाक्या. मधला ब्रिज आतून जळून खाक झाला. मागच्या खोल्यांचंही नुकसान झालं. लाकडी कपाटं, गाद्या, रंगाचे थर, दोऱ्या, हे सगळं तासन्तास जळतं. लांबून पाहणाऱ्याला 'टँकर जळतोय' असं दिसतं, पण त्यातली बरीच आग खोल्यांची असते. डेकवर भोकांतून जहाजाच्या हेलकाव्याबरोबर पेट्रोल उसळत होतं, आणि वर येणाऱ्या लाटा ते धूत होत्या. हा समुद्र त्यांच्या बाजूने होता, म्हणायला हरकत नाही. इंजिनखाना शाबूत राहिला तो मागे असल्यामुळे, आणि टाक्या व इंजिनखाना यांच्यामध्ये कॉफरडॅम असतो म्हणून. कॉफरडॅम म्हणजे दोन पोलादी भिंतींमधली रिकामी कोठडी. टाकी गळली तरी पेट्रोल थेट इंजिनखान्यात येऊ नये, एवढंच तिचं काम.

मुंबईकराच्या मनात साहजिकच १४ एप्रिल १९४४ येईल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन'ला आग लागली, ती विझवायचा प्रयत्न दोनेक तास झाला आणि शेवटी जहाज बंदरासकट उडालं. मग तिथे का उडालं? कारण तिथे पोटात कापसाच्या गासड्यांबरोबर दारूगोळा होता. स्फोटकांना बाहेरची हवा लागत नाही, जाळायला लागणारा प्राणवायू त्यांच्या घटकांतच असतो. त्यांना फक्त पुरेशी उष्णता पोचावी लागते. पेट्रोलचं तसं नाही. दोन्ही आगी 'भयंकर माल, जळतं जहाज' अशा एकाच वाक्यात बसतात खऱ्या, पण आत घडणारी गोष्ट अगदी वेगळी.

तरीही ही सगळी विद्या मी आरामखुर्चीत बसून सांगतो आहे. होडीतल्या सोळा जणांसमोर जळता टँकर होता आणि भोवतालच्या पाण्याला पेट्रोलचा वास. पहिल्या दिवशी ते चढले नाहीत. आणखी एक रात्र त्या उघड्या होडीत, थंडीत, ओकाऱ्या काढत काढली आणि तिसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, वर गेले. चित्रपटात मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. कोणी भाषण ठोकत नाही. चढावं की नाही यावर माणसं बोलतात, कुरकुरतात, कोणाला थंडी जास्त भीतीदायक वाटते तर कोणाला आग. अखेर ठरतं ते देशासाठी म्हणून कमी आणि होडीत आणखी एक रात्र निघणार नाही म्हणून जास्त. जहाजावरचे निर्णय असेच होतात. दोन वाईट पर्याय असतात आणि त्यातल्या एकाने कालची रात्र खाल्लेली असते.

प्रचारपट म्हणून विचाराल, तर हो, तो प्रचारासाठीच होता. ईलिंग स्टुडिओने तो काढला, निर्माता मायकेल बाल्कन, दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड. व्यापारी खलाशांचं मनोबल राखायचं आणि जमिनीवरच्या लोकांना आपलं पेट्रोल आणि पाव कुठून येतो ते दाखवायचं, हा हेतू उघड आहे. पण एकच नायक पुढे करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला ठेवलेलं नाही. वॉल्टर फिट्झजेराल्डचा पोलार्ड मला ओळखीचा वाटतो: जास्त बोलत नाही, घाई करत नाही, हाताखालच्या माणसाला काम देतो आणि त्याच्याकडे बघत उभा राहत नाही. असे चीफ इंजिनिअर मी पाहिले आहेत, आणि उलट्या प्रकारचेही. समुद्राची दृश्यं मात्र जागोजागी स्टुडिओतल्या पाण्याची वाटतात. लाट आणि जहाज यांचं माप जुळत नाही, ते खलाशाच्या डोळ्याला लगेच खुपतं. त्यापुढे दोष काढायचा मला कंटाळा आहे.

इंजिन चालू करण्याबद्दल थोडं खोलात जातो, कारण चित्रपट पाहणाऱ्याला ते किल्ली फिरवण्याइतकं सोपं वाटू शकतं.

मोठं जहाजी डिझेल इंजिन दाबलेल्या हवेने सुरू होतं. मोठमोठ्या बाटल्यांत हवा भरलेली असते, ती सिलिंडरमध्ये सोडली की पिस्टन ढकलले जातात, इंजिन फिरायला लागतं आणि मग इंधन द्यायचं. बाटल्यांतली हवा संपली तर कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज किंवा वाफ, विजेला डायनामो, डायनामोला पुन्हा वाफ किंवा दुसरं इंजिन. सगळं थंड पडलेल्या जहाजाला आम्ही 'डेड शिप' म्हणतो. त्याला जागं करायचं म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं आधी बसवायचं आणि मग एकेक वर रचत जायचं. पोलार्ड आणि विली यांनी सहायक बॉयलरमध्ये वाफ धरली, तिच्यावर पंप आणि डायनामो आणले आणि तिथून मुख्य इंजिनापर्यंत पोचले. आता विचार करा: बॉयलर पेटवायचा म्हणजे उघडी ज्योत लावायची, आणि डेकवर पेट्रोल हिंदकळतंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली-खाली सरकते, खोलगट जागा शोधते. इंजिनखाना ही जहाजातली सगळ्यात खोल जागा. वारा कुठून आहे, झडपा कुठल्या बंद, कुठल्या उघड्या, हे नीट बघितल्याशिवाय ती काडी कोणी ओढलेली नसणार. माझ्या लेखी त्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा क्षण हा होता, तोफगोळ्यांपेक्षाही. गोळे तुम्हाला विचारून येत नाहीत, ही काडी मात्र स्वतःच्या हाताने ओढायची होती.

बॉइल नावाचा एक ग्रीसर होता. होडीत उतरताना त्याला मुका मार बसला होता, आत कुठेतरी रक्तस्राव चालू होता. कोणालाच, बहुधा त्यालाही, त्याचा अंदाज आला नाही. तो इंजिनखान्यात बसून काट्यांवर लक्ष ठेवत राहिला आणि जहाज घरी पोचायच्या आत गेला. चित्रपटात हा प्रसंग आहे, आणि रडारड न करता आहे. आमच्या खात्यात ग्रीसरला तेलवाला म्हणायचे. बेअरिंगवर हात ठेवून ताप ओळखणारा माणूस. चीफ इंजिनिअर झोपतो तो तेलवाल्याच्या भरवशावर.

डेकवरची कथा मी उरकतो, ती माझ्या खात्याची नाही. ब्रिज जळाल्याने होकायंत्र, नकाशे, वायरलेस काही उरलं नव्हतं. मागच्या बाजूच्या मोडक्या चाकावरून सुकाणू धरलं, दिवसा सूर्य दिसला तर सूर्य, रात्री तारे, नाहीतर वाऱ्याचा अंदाज. हॉकिन्सने पूर्वेला जात राहायचं एवढं धोरण ठेवलं. १३ नोव्हेंबरला आयर्लंडचा पश्चिम किनारा लागला, ब्लॅकसॉड उपसागर. ओढून न्यायला आलेल्या टगला त्यांनी नको म्हटलं आणि १६ तारखेला स्वतःच्या इंजिनावर स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीत शिरले. पोटातलं बहुतेक सगळं पेट्रोल जागेवर होतं.

टगला नको का म्हटलं, यातच बक्षिसाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

समुद्रावरचा जुना कायदा असा: संकटातलं जहाज किंवा माल जो स्वखुशीने, कसलंही बंधन नसताना वाचवतो त्याला वाचवलेल्या किमतीतून मोबदला मिळतो. इंग्रजीत त्याला सॅल्व्हेज म्हणतात, आपल्याकडचे जहाजीही तोच शब्द वापरतात. 'स्वखुशीने' हा त्यातला कळीचा भाग. जहाजाचे स्वतःचे खलाशी स्वखुशीचे नसतात. त्यांनी करारावर सही केलेली असते, जहाज वाचवणं हे त्यांचं पगारी कामच. म्हणून आपल्याच जहाजाचं सॅल्व्हेज खलाशाला मिळत नाही. नाहीतर जरा वारा सुटला की खलाशी हात बांधून उभे राहतील आणि भाव करतील. कायद्याला ही भीती फार पूर्वीपासून आहे आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

अपवाद एकच: करार आधीच संपलेला असेल तर. तो कधी संपतो? कप्तानाने रीतसर हुकूम देऊन, खऱ्या संकटात, परत यायची आशा न ठेवता जहाज सोडलं तर. १८५२ च्या 'फ्लॉरेन्स' खटल्यात या अटी स्पष्ट झाल्या होत्या. 'सॅन डेमेट्रिओ'च्या बाबतीत त्या एकूण एक बसत होत्या. हुकूम कप्तान वेटचा, संकट शंका घ्यायला जागा नाही असं, आणि होडीत बसलेल्या कोणीही परत चढायचा बेत करून होडी सोडलेली नव्हती. म्हणजे कायद्याच्या नजरेत ७ नोव्हेंबरला त्या जहाजावर चढले ते नोकर नव्हते, वाटेत भेटलेले परके होते. १९४१ साली लंडनच्या कोर्टाने त्यांना एकूण १४,७०० पौंड दिले. बॉइलचा वाटा त्याच्या वारसांना गेला. चित्रपटात यँक म्हणून वावरणाऱ्या प्रेस्टनला पैशांबरोबर जहाजाचा फाटका ध्वज मिळाला. टगचा दोर घेतला असता तर टगवाल्यांचाही हिस्सा निघाला असता. हे होडीतल्या लोकांना पुरेपूर कळत होतं, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

आज असं झालं तर? १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात तत्त्व तेच ठेवलं आहे: धोका येण्याआधी केलेल्या कराराचं जे रास्त काम, त्याच्या पलीकडे सेवा गेली तरच मोबदला. पण आता कप्तान जहाज सोडताना कंपनीशी फोनवर बोलत असतो, काही तासांत व्यावसायिक सॅल्व्हेज कंपनी ठरलेली असते. सोळा माणसांनी दोन दिवस कोणालाही न सापडता आपलंच जहाज शोधून काढायची शक्यता राहिलेली नाही.

या खटल्यामागे पगाराची एक गोष्ट आहे, जी चित्रपट सांगत नाही. जहाज बुडालं की खलाशाचा करार संपायचा, म्हणजे पगारही. 'टॉरपेडो लागला त्या मिनिटाला पगार बंद' असं आजही सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. १९२५ च्या ब्रिटिश कायद्याने जहाज बुडाल्यावर बेकारीच्या काळात जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई मिळायची सोय होती. पण ती भरपाई होती, नोकरी नव्हे. होडीतला माणूस त्या घडीला बेकारच. मे १९४१ मध्ये नवा आदेश निघाला आणि खलाशांची राखीव फळी तयार करून दोन प्रवासांमधलाही पगार चालू झाला. 'सॅन डेमेट्रिओ'ची माणसं त्याआधीची. जो करार संपल्याने त्यांचा पगार थांबणार होता, तोच संपल्यामुळे त्यांना बक्षिसाचा हक्क मिळाला.

आता पणजोबांचा प्रश्न.

त्या होडीतली माणसं ब्रिटिश बेटांवरची होती, एक उत्तर अमेरिकेतला. म्हणून चित्रपटात आपल्याकडचं कोणी नाही, हे त्या जहाजापुरतं बरोबर आहे. पण त्याच काफिल्यात, त्याच संध्याकाळी, 'शीअर'ने बुडवलेल्या पाच जहाजांत एकाचं नाव होतं 'मैदान'. ब्रॉकलबँक कंपनीचं, म्हणजे कलकत्त्याच्या व्यापारातल्या कंपनीचं जहाज, नावही कलकत्त्याच्या मैदानावरून. या कंपनीच्या जहाजांवर डेकपासून बॉयलरपर्यंत हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातले, खलाशी असायचे. 'मैदान'वरचा एकही माणूस वाचला नाही, त्यामुळे त्या जहाजावर शेवटी काय घडलं हे सांगायलाही कोणी उरलं नाही. चित्रपट अर्थातच परत आलेल्यांचा निघतो. पण पाच वर्षांत हिंदी खलाशी परत आल्याच्या गोष्टीही कमी नव्हत्या, आणि तरी स्टुडिओंना त्यांच्याकडे बघावंसं वाटलं नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी दर चार-पाच खलाशांमागे एक हिंदुस्थानातला होता. इंग्रजांच्या कागदांवर तो 'लास्कर'. युद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मेले. पगार ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. १९३९ च्या शरद ऋतूत युद्ध सुरू झाल्याबरोबर त्यांनी ठिकठिकाणच्या बंदरांत बोटीवर जायला नकार दिला, पगारवाढ आणि युद्धभत्ता मागितला. कित्येकांना तुरुंगात टाकलं, पण वाढ द्यावी लागली. त्या संपांवर कोणी चित्रपट काढला असता तर मी पहिल्या रांगेत बसलो असतो.

कोणत्या खात्यात कुठली माणसं, हे तेव्हा जवळपास ठरलेलं असे. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांवर डेकला रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान बरेच, दापोली-खेड-दाभोळकडचे. सारंग, टंडेल, सुकाणी हे त्यांचे हुद्दे. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तो आपल्याच गावातली, आपल्याच नात्यातली माणसं घेऊन जायचा. त्यामुळे एक बोट बुडाली की एका वाडीतली चार-पाच घरं एकदम बसायची. सलून आणि स्वयंपाकघर गोव्याच्या लोकांकडे. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकीच्या वसतिगृहांत, ते पुढच्या बोटीची वाट बघत राहायचे. इंजिनखान्यात आगवाले आणि तेलवाले पंजाबकडचे, कलकत्त्याच्या जहाजांवर सिल्हेटचे. टॉरपेडो बहुधा पाण्याखाली, इंजिनखान्याच्या बाजूला लागतो, हे लक्षात घेतलं म्हणजे मरणाऱ्यांत आगवाले जास्त का, ते वेगळं सांगायला नको.

पणजोबांचा माग काढायचा असेल तर मार्ग आहे. ज्यांना कबर नाही अशा हिंदी खलाशांची नावं नोंदवलेलं स्मारक दोन ठिकाणी आहे, एक चितगावला आणि दुसरं मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये. दोन्हीकडे नावांची वही तीच. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरी आयोगाच्या संकेतस्थळावरही ही नावं शोधता येतात. नावाने शोधायला जाऊ नका, हाती काही लागायचं नाही. गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं आहे: अब्दुल रहिमानचे चार प्रकार, आडनाव बहुधा नाहीच, इब्राहिमचा कुठे 'ई' तर कुठे 'आय'. जहाजाच्या नावाने शोधा. घरात जहाजाचं नाव कोणालाच आठवत नसेल, तर खबर गावात कधी आली आणि त्याच बोटीवर शेजारच्या वाडीतलं कोण होतं ते आधी विचारा. तो दुसरा माणूस सापडला की जहाज सापडतं, आणि जहाजाखाली सारंगापासून भंडाऱ्यापर्यंत, म्हणजे स्वयंपाक्यापर्यंत, सगळी यादी मिळते. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. दापोली, दाभोळ, खेड यांची इंग्रजी स्पेलिंगं वेगवेगळी करून बघा.